तुम्ही आधी जा, आम्हाला घाई नाही

"बाई, तुम्हाला ही नोकरी कुणाच्या ओळखीनं लागली?"

हा प्रश्न मोठ्या बाईंना, म्हणजे साक्षात मुख्याध्यापिकांना, त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच टेबलासमोर उभं राहून विचारायचा, अशी पैज लागली होती. पैज लावणाऱ्या दोघी मैत्रिणी दाराबाहेर एकमेकींच्या वेण्या घट्ट धरून उभ्या होत्या. आत उभी होती ती तोफ.

तोफ हे तिचं नाव नव्हे, पदवी. गेल्या वर्षीपर्यंत तिला वर्गात 'पुटपुट' म्हणायचे. हजेरीला ती 'हजर' इतकं हळू म्हणायची की वर्गात बसूनसुद्धा तिची गैरहजेरी लागायची. मग यंदा वक्तृत्व स्पर्धेत जी बोलणार होती तिचा ऐन वेळी घसा बसला, हिला मागून ढकलून स्टेजवर पाठवलं, आणि काय झालं कोण जाणे, बूच उडालेल्या सोडावॉटरसारखी ही जी बोलत सुटली ती वेळ संपल्याची घंटा झाली तरी थांबेना. शेवटी माइक बंद केला, तर बिनमाइकची चालू राहिली. त्या दिवसापासून तोफ. आणि आपण तोफ आहोत हे तोफेला एकदा कळलं की तिला गप्प बसवणं कुणाच्या बापाला जमत नाही. तिच्या बापाला तर मुळीच नाही, कारण तो बिचारा स्वतःच गप्प. पण ते पुढे येईल.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दाराबाहेर वेण्या आणखी ताणल्या गेल्या.

"दाताच्या दवाखान्यात," बाई म्हणाल्या.

"अं?"

"ओळख. दाताच्या दवाखान्यात झाली. माझा गाल सुजलेला, शेजारी बसलेल्या बाईंचाही सुजलेला. नंबर येईपर्यंत दोघी एकमेकींना दुःख सांगत बसलो. त्या निघाल्या या शाळेच्या तेव्हाच्या मोठ्या बाई. अगं, दात दुखत असला ना, की माणसाला तोरा मिरवता येत नाही. तिथं खरी ओळख होते." आणि मग चष्म्यावरून बघत, "का विचारलंस?"

"सहज."

"मग सहज जाता जाता बाहेरच्या त्या दोघींनाही वर्गात घेऊन जा."

पैज जिंकली. पण तोफेच्या डोक्यात पैज नव्हतीच. तिच्या डोक्यात बाबा होते.

बाबा पंख्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखाना बंद पडला त्याला बरेच दिवस झाले. बाबांनी कंप्युटरवरून इतके अर्ज पाठवले की कंप्युटरलासुद्धा त्यांची कणव आली असेल, पण उत्तर एकाचंही नाही. आता दर रविवारी आत्याचा फोन यायचा. आत्याच्या यजमानांचं तिच्या गावात बादल्या-घमेल्यांचं दुकान. "गच्चीवरची खोली रिकामीच आहे," आत्या म्हणायची, "दादाला काही करायचं नाही, नुसतं गल्ल्यावर बसायचं." आत्या मायेनंच म्हणायची. पण 'काही करायचं नाही' हे ऐकलं की बाबा फोनपासून दोन पावलं मागे सरकायचे. या महिन्याच्या अखेरपर्यंत काम मिळालं नाही तर बिऱ्हाड हलवायचं, असं आई-बाबांचं ठरलं होतं. म्हणजे शाळा गेली, मैत्रिणी गेल्या, आणि नव्या गावात तोफेला पुन्हा पुटपुटपासून सुरुवात.

त्या संध्याकाळी ती घरात शिरली तीच दप्तर न काढता. आई शिलाई मशीनवर होती. आई कपडे शिवते आणि शिवताना टाचण्या ओठांत धरून बोलते, त्यामुळे तिची निम्मी वाक्यं 'म्म' आणि 'ह्म' यांचीच असतात. बाबा खिडकीपाशी बसून बटणांचा डबा लावत होते. काळी वेगळी, पांढरी वेगळी. कालही त्यांनी तोच डबा लावला होता.

"काळजी सोडा," तोफेनं जाहीर केलं. "बाबांची नोकरी आता माझ्याकडे लागली."

"म्म?" आई.

"नोकरी अर्जानं मिळत नाही, ओळखीनं मिळते. तुमच्या किती ओळखी आहेत, बाबा?"

बाबांनी विचार केला. "तुझी आई आहे," ते म्हणाले.

तर मंडळी, अडचण ही अशी होती. बाबांचं स्टोअर कारखान्याच्या तळघरात होतं. त्याला एकच खिडकी, तीही छातीच्या उंचीवर, हात आत जाईल इतकीच. बाहेरून कामगाराचा हात चिठ्ठी घेऊन आत यायचा, बाबा त्या हातात नट, बोल्ट, जे काय असेल ते ठेवायचे, हात बाहेर जायचा. इतकी वर्षं नोकरी केली, पण बाबांनी माणसं पाहिली ती मनगटापर्यंत. कारखान्यातल्या निम्म्या लोकांचे चेहरे त्यांना माहीत नव्हते. हात मात्र सगळे पाठ. कुणाच्या बोटाला कापल्याची खूण आहे, कुणाचा हात थरथरतो, कुणाचा सदा घाईत असतो.

तालीम तिथल्या तिथं सुरू झाली. तोफ अनोळखी साहेब झाली आणि खुर्चीत पाय पसरून बसली. बाबांनी येऊन स्वतःची ओळख करून द्यायची.

बाबा आले. साहेबाच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "मी जरा... पाणी आणू का?"

दुसऱ्या खेपेला त्यांनी साहेबाला बटणांचा डबा देऊ केला. तिसऱ्या खेपेला ते आलेच नाहीत. शोधलं तर स्वयंपाकघरात, दाराआड.

"अहो, तिथनंच बोला," आई टाचण्यांमधून म्हणाली.

आणि काय आश्चर्य, अर्धवट लोटलेल्या दाराआडून खणखणीत आवाज आला, "नमस्कार. मी स्टोअर सांभाळायचो. लहान-मोठ्या सगळ्या वस्तूंचा हिशेब ठेवलाय. काही हवं असेल तर सांगा."

तोफ ताडकन उठली. "बाबा! हेच! असंच बोलायचं!"

बाबांनी दार उघडलं आणि आवाज गेला.

आईनं टाचण्या हातावर काढल्या. "म्हणजे आता लोकांना भेटायला जाताना हे दार काढून खांद्यावर न्यायचं का?"

पण आई अशीच असते. जगातल्या कुठल्याही मोठ्या कल्पनेला आईनं आधी टाचणीच लावली असणार. तोफ डगमगली नाही. दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर तिनं बाबांना धुतलेला शर्ट घालायला लावला आणि थेट दाताच्या दवाखान्यात नेलं. काही दुखत नसताना. फक्त बसायला.

आता दवाखान्यात नुसतं बसता येत नाही, हे तिला काउंटरपाशी गेल्यावर कळलं. काउंटरला काच होती, काचेला खाली अर्धगोल भोक, आणि भोकामागे एक ताई.

"पेशंट कोण?" ताईंनी विचारलं.

"हे. माझे बाबा."

"काय होतंय?"

"दात दुखतोय."

"कुठला?"

"उजवीकडचा, खालचा, मागून दुसरा," तोफ एका दमात म्हणाली. "थंड पाणी लागलं की थेट कानात कळ जाते. रात्री त्या कुशीवर झोपताच येत नाही."

ताईंनी सगळं लिहून घेतलं. बाबांनी मात्र मान वळवून लेकीकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग काही न बोलता ते सोफ्यावर जाऊन बसले. सोफा असा की बसलं की माणूस खाली खाली जातो आणि गुडघे हनुवटीला लागतात.

तोफेनं खोलीवर नजर फिरवली. एक आजी होत्या, पर्समध्ये डबी, डबीत कवळी. ती सैल झाली होती म्हणून घट्ट करून घ्यायला आल्या होत्या आणि मागेल त्याला उघडून दाखवत होत्या. एक टाय लावलेले गृहस्थ होते, मांडीवर बॅग, बुटांना पॉलिश. आणि कोपऱ्यात डोक्यावरून जबड्याभोवती मफलर बांधलेला एक माणूस कण्हत बसला होता.

मफलरवाल्याला तिनं पहिल्या फेरीतच बाद केलं. जो माणूस तोंडच उघडू शकत नाही त्याच्याशी ओळख करून काय उपयोग? टायवाले मात्र नक्की साहेब. तिनं बाबांना कोपरानं ढोसलं.

तेवढ्यात काचेमागून आवाज आला, "मागून दुसरा दात कोण? चला आत."

अजून एकही ओळख झाली नव्हती. "तुम्ही आधी जा, आजी," ती झटकन म्हणाली, "आम्हाला घाई नाही."

"गुणाची गं पोर," आजी म्हणाल्या आणि आत गेल्या. आजी बाहेर आल्या, घट्ट झालेली कवळी दाखवत पुन्हा बसल्या, आणि पुन्हा यांचा पुकारा झाला. या खेपेला बाबांनीच कोपऱ्याकडे बघितलं. मफलरवाला दोन्ही हात मफलरात खुपसून, गाल धरून पुढे-मागे डोलत होता.

"तुम्ही जा," बाबा त्याच्या बुटांना उद्देशून हळूच म्हणाले. "तुम्हाला फार दुखतंय."

तो बिचारा धडपडत आत गेला. मैदान मोकळं झालं. तोफ सरकत सरकत टायवाल्यांच्या शेजारी पोचली आणि सुरू झाली. माझे बाबा असे, माझे बाबा तसे, हजारो वस्तू डोळे मिटून शोधतात, सुई हरवली तरी गवताच्या गंजीसकट आणून देतात, आणि योगायोग बघा, सध्या ते मोकळेच आहेत. टायवाले ऐकता ऐकता पुढे झुकले. त्यांचे डोळे चमकले. त्यांनी उठून बाबांचा हात हातात घेतला आणि जोरजोरात हलवला.

"वा. मोठ्या ठिकाणचे दिसता. मग तुमच्या ओळखीत माझ्यासाठी काही आहे का?"

"म्हणजे?" तोफ म्हणाली.

टायवाल्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "अहो, माझीही नोकरी गेलीय. बायको म्हणाली, घरात बसून ओळखी होत नाहीत, चार लोकांत मिसळा. म्हणून मी दवाखान्यांतून बसतो. मागच्या आठवड्यात डोळ्यांच्या दवाखान्यात बसलो होतो. तिथं सगळ्यांच्या डोळ्यांत औषध. मी जातीनं प्रत्येकाला भेटलो, पण मला कुणी पाहिलंच नाही."

"मग तुमचा दात...?"

"दात ठणठणीत आहेत. तुमच्या बाबांचा?"

तोफ सरकत सरकत पुन्हा बाबांच्या शेजारी जाऊन बसली.

आतून मफलरवाला बाहेर आला. आता मफलर गळ्यात, तोंडात कापसाचा बोळा, अर्धा गाल सुन्न, एका बाजूचा ओठ लोंबतोय. डॉक्टरांनी त्याला थोडा वेळ बसून मग जायला सांगितलं होतं. आणि काचेमागच्या ताई या खेपेला पुकारा करून थांबल्या नाहीत, उठून सोफ्यापाशीच आल्या. "काका, बास झाला तुमचा चांगुलपणा. चला आता."

बाबांना आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलेलं नाही. कुणी काही मागितलं की द्यायचं, हीच त्यांची नोकरी होती. ते सोफ्याच्या खड्ड्यातून वर आले, आत गेले आणि दार बंद झालं. पाठोपाठ आतून ती मशीनची घुर्रर्र ऐकू आली. माझ्यामुळे, ती मनात म्हणाली, बाबांचा चांगला दात जाणार.

आत काय झालं ते बाबांनी मागाहून सांगितलं. ती घुर्रर्र नुसती खुर्ची वर घेतल्याची होती. डॉक्टरांनी उजवीकडचा, खालचा, मागून दुसरा दात ठोकून पाहिला, हलवून पाहिला, दिवा मारून पाहिला. "अहो, हा तर दगडासारखा आहे. हाच का नक्की?"

"दात हाच," बाबा म्हणाले. ते डॉक्टरांच्या हातांकडे बघत होते. हात स्वच्छ होते, घाई न करणारे. त्या हातांवर विश्वास बसला म्हणून त्यांनी पुढचं सांगितलं. "दात बरोबर आहे, डॉक्टर. तोंड चुकलंय. माझ्या मुलीचं आहे ते. बरेच दिवस डाव्या बाजूनं खातेय. मला वाटलं सांगेल."

दार उघडलं. दारात पांढऱ्या कोटातले डॉक्टर. "कुठे आहे ती मुलगी?"

आता खरं सांगायचं तर तोफ जगात कशालाच भीत नाही, दाताचे डॉक्टर सोडून. तिनं दप्तर पाठीला मारलं आणि बाहेरच्या दाराकडे धाव घेतली. पण डॉक्टर दिसल्याबरोबर ओळख करून घ्यायला टायवाले हात पुढे करून उठले होते, ते नेमके दारात आडवे. ती वळली. समोर आजी, उघडी डबी घेऊन. ती पुन्हा वळली आणि सरळ काउंटरमागे घुसली, टेबलाखाली बसायला वाकली, आणि दप्तराचा पट्टा मागच्या रॅकला अडकला.

रॅकवर पेशंटांच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे होते, छोट्या छोट्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत, आणि शेजारी केसपेपरचे गठ्ठे.

रॅक आधी थोडा झुकला, जणू विचार करतोय. मग आला. खोकी उघडली, जबडे सुटले आणि दवाखानाभर पसरले. कुणी सोफ्याखाली, कुणी आजींच्या चपलेपाशी, कुणी उताणा, कुणी पालथा. अख्खं गाव जमिनीवर पडून खदाखदा हसतंय असं दृश्य. वर केसपेपर पाखरांसारखे खाली येत राहिले.

"अगंबाई," आजी म्हणाल्या. "यात माझा कुठला?"

काउंटरवरच्या ताईंचे डोळे भरून आले. "आता कुणाचा जबडा कुणाच्या खोक्यात घालू मी?"

डॉक्टरांनी जमिनीकडे बघितलं, टेबलाखालच्या दप्तराकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "दात राहू दे. आधी हे उचला."

आणि तेव्हा डॉक्टरांच्या मागून, गळ्यात अजून तो कागदी रुमाल बांधलेले बाबा बाहेर आले. ते सगळ्यांच्या मधून चालत काउंटरच्या आत गेले. ताईंच्या स्टुलावर बसले. समोर काच, काचेला अर्धगोल भोक, छातीच्या उंचीवर.

"ताई, रडू नका," ते म्हणाले. "जबड्यांवर नंबर आहेत, खोक्यांवरही आहेत. लागेल सगळं. ए, तू खालून दे एकेक."

हे शेवटचं टेबलाखालच्या तोफेला होतं. तोफ तिथून एकेक जबडा वर देऊ लागली. वरून बाबांचा आवाज येत होता, आणि तो आवाज तिनं आयुष्यात फक्त एकदाच ऐकला होता, स्वयंपाकघराच्या दाराआडून. "वरचे डावीकडे, खालचे उजवीकडे. कागद गोळा केलेत त्यांनी इथं आणून द्या. गर्दी नको, प्रत्येकाचं होणार आहे. हं, पुढचं." एव्हाना आणखी पेशंटही आले होते, आणि सगळे खरंच रांग लावत होते. टायवाल्यांनी सोफ्याखाली अर्धं अंग घालून जबडे काढले. आजींनी पदरात कागद गोळा केले. भोकातून कागद घेऊन हात आत येत होते, बाबा कागद काढून घेत होते, हात बाहेर जात होते. तोफेला टेबलाखालून बाबांचे फक्त पाय दिसत होते. एरवी घरात सदा आखडून घेतलेले ते पाय आता ऐसपैस पसरले होते. हे असे होते होय रोज, तिच्या मनात आलं, आणि हातातला जबडा वर द्यायचाच राहिला.

मग काचेवर कुणीतरी बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं आणि एक हात आत आला. जाड, अंगठ्याचं नख अर्धंच असलेला. हातात गोळा केलेला केसपेपर नव्हे, डॉक्टरांनी दिलेल्या पुढच्या तारखेचा कागद होता.

बाबांनी वर पाहिलंच नाही. "वॉशर अजून मशीनखालीच घालवतोस का रे?" ते म्हणाले.

हात तिथंच थिजला. मग काचेपलीकडे एक माणूस हळूहळू खाली वाकला, इतका की अर्धगोलात त्याचा चेहरा आला. कापसाचा बोळा, लोंबता ओठ. मफलरवाला. तो बघतच राहिला. बाबाही बघत राहिले. इतकी वर्षं एकमेकांचा हात रोज पाहिलेली दोन माणसं पहिल्यांदा एकमेकांची तोंडं बघत होती, आणि त्यातलं एक तोंड बधिर होतं.

"आआ ऊऊ ओओ," मफलरवाला म्हणाला. त्याचे हात सुटले. त्यानं बाबांकडे बोट केलं, पाच बोटं दाखवली, छाती बडवली, छताकडे हात नेला, खाली आणला.

तोफ टेबलाखालून उसळून बाहेर आली. "थांबा. आईमुळे मला टाचण्यांची भाषा येते. हे म्हणतायत की बाबांनी त्यांच्या पाच वस्तू लंपास केल्या आणि त्यांना वरून खाली ढकललं. हे बघा काका, माझ्या बाबांनी जन्मात कुणाचा स्क्रूसुद्धा घेतलेला नाही, आणि..."

"ऊंहूं," मफलरवाल्यानं जोरजोरात मान हलवली आणि दुखलं म्हणून गाल धरला.

"पाच मुलं आहेत वाटतं," आजी म्हणाल्या. "वरच्या मजल्यावर राहतात."

"पाच जागा रिकाम्या असतील," टायवाले घाईनं म्हणाले. "एक माझ्यासाठी धरा."

शेवटी डॉक्टरच म्हणाले की औषधाचा असर उतरेपर्यंत तो बोलणार नाही, उगीच त्याला छळू नका. मग काय, सगळे बसले. ताईंनी पुकारा केला तरी कुणी उठेना. जो तो म्हणे, तुम्ही आधी जा, आम्हाला घाई नाही. अख्खा दवाखाना एका माणसाची जीभ जागी व्हायची वाट बघत बसला. डॉक्टरसुद्धा हात पुसत दारात उभे राहिले.

जीभ जागी झाली तेव्हा मफलरवाला काचेजवळच उभा होता. शब्द अजून जड होते, पण कळत होते.

"फिटर होतो मी तिथं. चिठ्ठीत चार वॉशर असले तरी हे मला पाच द्यायचे. कायम. एक हमखास पडणार, पडला की साहेब बोलणार, हे यांना ठाऊक. न मागता द्यायचे. आता मी लिफ्टच्या वर्कशॉपमध्ये मुकादम आहे." म्हणून तो हात वर-खाली. "आमचा स्टोअरवाला सोडून गेला. आता एक स्क्रू हवा असला की लोक दहा डबे उपडे करतात. रोज जेवताना आम्ही जुने लोक म्हणतो, तो खिडकीतला माणूस हवा होता. पण शोधायचा कसा? तोंड कुणी पाहिलेलं? बाजारात शेजारून गेले असते तरी कळलं नसतं."

"हात बघितला असता तर मला कळलं असतं," बाबा म्हणाले.

"सोमवारी या. मालकांना भेटा. शब्द मी टाकतो, बोलायचं मात्र तुम्हाला."

बाबांनी मान हलवली. मग विचारलं, "मालकांच्या खोलीला खिडकी आहे का?"

"खिडकी? नाही. समोरासमोर बसायचं."

घरी येताना बाबा रस्ताभर चपलांकडे बघत चालत होते. तोफ मुद्दाम दोन पावलं मागे राहिली होती, कारण दाताचा विषय आता कधीही निघणार हे तिला माहीत होतं. घराच्या पायऱ्यांपाशी बाबा थांबले.

"तुला भीती वाटते," ते म्हणाले.

"तुम्हालाही वाटते."

"हो." ते थोडा वेळ कठड्यावरचा रंग नखानं खरवडत राहिले. "असं करू. सोमवारी मी तोंड उघडतो. मग तू उघड. तोपर्यंत आईला नको सांगायला."

सोमवारी सकाळी आईनं बाबांच्या शर्टाला इस्त्री करताना कॉलर दोनदा मोडली आणि दोनदा सरळ केली. तोफेनं शाळेत दिवसभर एकाही प्रश्नाला हात वर केला नाही, तेव्हा मैत्रिणींनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. संध्याकाळी ती घरी पोचली तर मशीन बंद. आई दारातच बसलेली, ओठांत टाचण्या तशाच.

बाबा अंधार पडता पडता आले. त्यांनी चपला काढल्या, जोडीनं नीट लावल्या, पाणी प्यायले.

"काय झालं?" तोफेनं विचारलं. "बोललात का?"

"आधी त्यांच्या हातांकडे बघूनच बोललो," बाबा म्हणाले. "बोटाला शाई लागली होती त्यांच्या. साधे हात होते. मग जरा वर बघितलं. वर चेहरा पण होता." ते थांबले आणि ओशाळं हसले. "चांगला होता. मग बोललो. बरंच बोललो. तेच म्हणाले, आता पुरे, एक तारखेपासून या."

आईनं टाचण्या तोंडातून काढल्या, उशीत एकेक नीट खोचल्या, आणि मगच पदर डोळ्यांना लावला. मग तिनं फोन उचलला. "वन्सं," ती म्हणाली, "गच्चीवरची खोली दुसऱ्या कुणाला द्या. आम्ही सुट्टीत येऊ. पाहुणे म्हणून."

त्या रात्री आईनं कपाटाच्या वरच्या खणातला खारवलेल्या बदामांचा डबा काढला. सगळ्यांना मूठ मूठ मिळाले. आनंदाच्या भरात तोफेनं एक उजव्या बाजूला टाकला आणि चावला.

जी किंकाळी निघाली ती शेजारच्या बिऱ्हाडातही गेली असणार.

आई तिच्याकडे बघत राहिली. मग बाबांकडे. बाबा बटणांच्या डब्याकडे.

"काय चाललंय तुम्हा दोघांचं?" आईनं विचारलं.

"आता तुझी पाळी," बाबा हळूच लेकीला म्हणाले.

तोफ उठली. गाल धरून, पण ताठ उभी राहिली, अगदी स्पर्धेत राहिली होती तशी. घसा साफ केला.

"आई, बाबा, मी निर्णय घेतलाय. माझा दात किडलाय, उजवीकडचा, खालचा, मागून दुसरा. उद्या शाळा सुटली की मी दवाखान्यात जाणार. कुणी पोचवायला यायचं नाही. मी स्वतः काउंटरवर नाव सांगणार, आणि त्या सोफ्यावर बसणार."

बाबांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. आईनं तर दोन्ही हात छातीशी नेले.

"फक्त," तोफ म्हणाली, "तिथं जेवढी माणसं बसलेली असतील, आणि माझ्यानंतर जेवढी येतील, त्या सगळ्यांना मी आधी आत जाऊ देणार आहे. ओळखी वाढवायला नकोत का, आई?"